एका दमात किती किलोमीटर?

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे, रुग्णांच्या घरी जाऊन उपचार करते. रोज नऊ-दहा घरं होतात, मिळून 55 किलोमीटर पडतात, म्हणजे वर्षाला साधारण 16 हजार. सध्याची गाडी आता थकली आहे. माझे एक सहकारी त्यांची सहा वर्षं वापरलेली छोटी डिझेल गाडी विकतायत. "लिटरला 24 देते," असं सांगतात. मी चालवून पाहिली, पिकअप फार आवडला. फक्त गाडी परत आणून बंद केल्यावरही पुढचा पंखा दोन-तीन मिनिटं घरघरत होता आणि काहीतरी तापल्यासारखा वास येत होता. ते म्हणाले, डिझेलचं तसंच असतं. दादा म्हणतो, वर्षाला 15 हजारांच्या वर रनिंग असेल तर डोळे झाकून डिझेल घे. त्याची स्वतःची डिझेल गाडी आठ वर्षं कुरकुर न करता चालली आहे. नवरा म्हणतो, डिझेलचा जमाना गेला. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही, म्हणून इलेक्ट्रिकचा विचार सोडून दिलाय. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. रविवारची वाट बघायचीही गरज नाही.

इतकं ठाम उत्तर मी सहसा देत नाही. पण तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचल्यावर मला शंका उरली नाही. एक म्हणजे ती नऊ-दहा घरं. दुसरी, गाडी बंद केल्यावर घरघरणारा तो पंखा. पंख्याकडे शेवटी येते, कारण त्याबद्दल तुम्हाला तुमच्या सहकाऱ्यांशी बोलावं लागणार आहे.

आधी दादांचं. ते चुकीचं सांगत नाहीयेत, त्यांच्यापुरतं ते अगदी खरं आहे. आठ वर्षं बिनतक्रार चाललेली डिझेल गाडी बहुधा रोज सकाळी निघते, हायवेला लागते, तासभर एका लयीत पळते आणि संध्याकाळी तशीच परत येते. अशा माणसाला डिझेलइतकं काही मानवत नाही. पण "वर्षाला 15 हजार" हा जो आकडा सगळीकडे तोंडपाठ झाला आहे, तो फक्त पैशांच्या हिशेबातून आलेला आहे. गाडीची जास्तीची किंमत इंधनातून किती वर्षांत वसूल होईल, एवढंच तो सांगतो. इंजिनाला वर्ष कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की मला चालू केलं, मी नीट तापलो, की तापायच्या आत पुन्हा बंद केलं. म्हणून विचारायचा प्रश्न हा, की एका दमात किती किलोमीटर? तुमच्या बाबतीत उत्तर येतं साडेपाच. मग 45 मिनिटं गाडी उभी, मग पुन्हा साडेपाच. दादांचे 16 हजार आणि तुमचे 16 हजार कागदावर सारखे दिसतात, पण इंजिनाच्या लेखी ती दोन वेगळी आयुष्यं आहेत.

डिझेल कमी का पितं, हे थोडं समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पेट देते. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपणहून पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने 1897 मध्ये असं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी 26 टक्के कामी आली होती. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात ही फार मोठी उडी होती. शिवाय पेट्रोल इंजिनात हवा एका झडपेने रोखून आत सोडावी लागते, त्या ओढाताणीत ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, फक्त इंधन कमी-जास्त होतं. आणि एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जाही असते. या तिन्हींची बेरीज म्हणजे डिझेलचं ॲव्हरेज.

पण जे इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, ते तापायलाही वेळ घेतं. पेट्रोल गाडी चार-पाच किलोमीटरमध्ये बऱ्यापैकी गरम होते. छोटं डिझेल इंजिन त्या अंतरात अजून कोमटच असतं, ऑइल तर त्याहून मागे. तुमच्या साडेपाच किलोमीटरमध्ये ते जेमतेम लयीत येतं, तेवढ्यात पुढच्या रुग्णाचं घर येतं. पाऊण तासात ते पूर्ण थंड होत नाही हे खरं, पण मागच्या सायलेन्सरच्या बाजूचं सगळं लवकर निवतं, आणि खरी अडचण नेमकी तिथे आहे.

डिझेलच्या धुरात काजळी असते. ती हवेत जाऊ नये म्हणून आताच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर एक फिल्टर बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. सिरॅमिकचं मधमाशीच्या पोळ्यासारखं जाळं, एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धूर भिंतीतून गाळून पलीकडे जातो, काजळी अलीकडे राहते. ती साठत जाते, म्हणून दर काही शे किलोमीटरला गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापवावा लागतो. इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, ते मागे जाऊन जळतं आणि दहा-वीस मिनिटांत फिल्टर मोकळा होतो. हायवेवर हे कधी झालं ते कळतही नाही. शहरात, गर्दीत, दर पंधरा मिनिटांनी चावी फिरवून बंद होणाऱ्या गाडीत हे काम सुरू होतं आणि अर्धवट राहतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. माझ्याकडेही छोटी डिझेल गाडी होती. पहिली तीन वर्षं मी रोज लांबच्या कामावर जायचे, गाडी इतकी गुणी होती की मी भेटेल त्याला डिझेलच घ्या असं सांगायचे. मग कामाची जागा बदलली, अंतर सहा किलोमीटरवर आलं. मी खूश होते, आता तर डिझेल आणखी कमी लागणार. वर्षभरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गॅरेजमधल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून डिपस्टिक बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत घातली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. मी म्हटलं, ऑइल कमी होतं हे ऐकलंय, वाढतं कसं? त्याने पट्टीचं टोक माझ्या नाकाशी नेलं. त्याला चक्क डिझेलचा वास येत होता. फिल्टर तापवायला सोडलेलं जास्तीचं डिझेल, काम अर्धवट राहिल्यामुळे, सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेलं ऑइल ना टर्बोला, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याला, नीट वंगण देतं ना बेअरिंगला. "आठवड्यातून एकदा लांब चक्कर मारत जा," तो म्हणाला. पुढचे कितीतरी रविवार मी कुठेही जायचं नसताना 40 किलोमीटर बाहेर जाऊन 40 किलोमीटर परत आले, फक्त फिल्टर साफ व्हावा म्हणून. जे डिझेल वाचावं म्हणून ती गाडी घेतली होती, तेच मी दर रविवारी जाळत होते. तुमच्यासारख्या दिवसभर गाडी चालवणाऱ्या बाईने सुट्टीच्या दिवशी हे का करावं?

आता बचतीचा हिशेब करू, कारण ते "24" तुमच्या मनात घर करून बसलं असणार. त्या आकड्याने भुलू नका. छापील ॲव्हरेज प्रयोगशाळेतल्या चाचणीचं असतं. युरोपात 2017 पासून नवी, जास्त कडक चाचणी लागू झाली, ती जुन्या चाचणीतले आकडे रस्त्यावर येत नव्हते म्हणूनच. आणि तुमच्या सहकाऱ्यांनी ते 24 रस्त्यावर खरोखर काढलं असेल, तरी ते त्यांच्या रस्त्यावर. तुमच्या थांबत-सुरू होत जाणाऱ्या दिवसात 22 मिळालं तरी मी चांगलं म्हणेन. त्याच तोलाची छोटी पेट्रोल गाडी 18 देते असं धरू. 16 हजार किलोमीटरला पेट्रोल लागेल 889 लिटर, डिझेल 727 लिटर. वर्षाला 162 लिटरचा फरक. 889 ला तुमच्याकडच्या पेट्रोलच्या दराने गुणा, 727 ला डिझेलच्या, वजाबाकी करा. ती वर्षाची बचत. मग एकदाच गॅरेजमध्ये फोन करून विचारा, की या गाडीचा एक इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, बदलायला किती लागतात, टर्बोला किती, फिल्टर बदलायचा झाला तर किती. मी रक्कम सांगत नाही, तुम्हीच विचारा. त्या एका फोनवर तुमच्या पुढच्या काही वर्षांच्या बचतीचं काय होतं ते दिसेल.

इथे आणखी एक गोम आहे, ती छोट्या गाडीपुरतीच आहे आणि फारसं कुणी बोलत नाही. लिटरला 10 देणारी मोठी गाडी 12 वर आणली, तर 16 हजार किलोमीटरमध्ये 267 लिटर वाचतात. लिटरला 20 देणारी छोटी गाडी 24 वर आणली, तर वाचतात 133. सुधारणा दोन्हीकडे टक्क्यांत सारखीच, पण हातात येतं ते निम्मं. छोटी गाडी मुळातच कमी पिते, तिच्यात वाचवायला फार उरत नाही. उलट धूर साफ करण्याची यंत्रणा मात्र छोट्या गाडीला छोटी, स्वस्त अशी मिळत नाही. फिल्टर, टर्बो, ताकदीचा पंप, नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी साधनं, सगळं लागतंच. म्हणून कंपन्यांनी आधी छोट्या गाड्यांतलंच डिझेल बंद केलं. कमी पिण्यात या गाड्या कमी पडल्या म्हणून ते घडलं नाही. 1999 मध्ये फोक्सवॅगनने लुपो 3एल नावाची डिझेल गाडी काढली होती, चाचणीत ती 100 किलोमीटरला 3 लिटरच्या आत होती, म्हणजे लिटरला 33 च्या वर. त्याच कंपनीचं 2015 चं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ दाखवणारं सॉफ्टवेअर जगभरच्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत निघालं. त्यानंतर नियमांची अंमलबजावणी कडक झाली आणि छोट्या डिझेलचं गणित जमेनासं झालं. तुमचे यजमान म्हणतात तो जमाना असा गेला. मोठ्या, लांब पळणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या गाड्यांत डिझेल अजून आपली जागा राखून आहे.

हवेचंही सांगते, कारण हा विषय तुमच्या पेशापासून लांब नाही. छातीचे व्यायाम करून घ्यायला तुम्ही ज्यांच्याकडे जाता, त्यांच्या दारात कोणती गाडी उभी करता हे तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल असं मी धरून चालते. डिझेलच्या बाजूने कार्बनचा मुद्दा मांडला जातो. तो खरा आहे, पण दिसतो तेवढा मोठा नाही. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.65 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा सुमारे 2.3. तुमच्या वर्षाच्या हिशेबात डिझेलचा 1,900 किलोच्या वर आणि पेट्रोलचा 2,000 किलोच्या वर. लिटरमध्ये 18 टक्के वाचले, कार्बनमध्ये सहाच्या आसपास. दुसऱ्या पारड्यात काजळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. चांगला चालणारा फिल्टर ती काजळी जवळजवळ सगळी अडवतो, हेही तितकंच खरं. म्हणून उद्या कुणी तुम्हाला "फिल्टर काढून टाकू, कटकटच नको" असं सुचवलं, तर त्या गॅरेजमध्ये पुन्हा पाऊल टाकू नका. कितीतरी देशांत ते बेकायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी तो धूर शेवटी कुणाच्या तरी छातीतच जाणार आहे.

पिकअपबद्दल तुम्ही लिहिलंत, ते मला मनापासून पटतं. इंजिन हळू फिरत असतानाच अंगात येणारी ती ताकद, चढावर गिअर न बदलता गाडी खेचून नेते ती, पेट्रोलच्या साध्या छोट्या इंजिनात मिळत नाही. रोज सलग तास-दीड तासाचा प्रवास असता, मधे घाट असता, गाडी माणसं-सामानाने भरलेली असती, तर मी तुम्हाला हीच गाडी नीट तपासून घ्या म्हटलं असतं. अजूनही खात्री करायची असेल तर एक करा. पंधरा दिवस गाडीत छोटी वही ठेवा. प्रत्येक वेळी चावी फिरवली की वेळ लिहा, बंद केली की वेळ लिहा. सलग अर्ध्या तासाच्या वर, मोकळ्या रस्त्यावर, आठवड्यातून किती वेळा चालवता ते मोजा. तीन-चार वेळा असेल तर मला पुन्हा लिहा, मी माझं मत बदलेन. पत्रावरून तरी मला ते एकदाही दिसत नाही.

मग घ्यायचं काय? तुमच्या कामाला खरं म्हणजे इलेक्ट्रिकच शोभली असती. दिवसाला 55 किलोमीटर आणि सारखं थांबणं, हे तिचं माहेरच. पार्किंगमध्ये सोय होईल का, याचा पाठपुरावा एकदा तरी करा, विचार अगदी सोडून देऊ नका. तोवर हायब्रिड, म्हणजे जी ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत साठवते आणि हळू वेगात त्यावरच चालते ती, परवडत असेल तर ती. लिटरमागे जे डिझेल तुम्हाला देऊ पाहत होतं, ते गर्दीच्या रस्त्यावर ती देते. तेही नाही जमलं तर साधी, टर्बो नसलेली, छोटी पेट्रोल गाडी. तिचं कौतुक कुणी करत नाही, पण दिवसातून दहा वेळा चालू-बंद करून घेणं तिला जमतं.

जुनी डिझेल घेणाऱ्या इतर वाचकांसाठी, ज्यांचा प्रवास खरंच लांबचा आहे, थोडं. गाडी बघायला जाल तेव्हा आधीच गरम करून ठेवू नका असं विक्रेत्याला सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती गार आहे ना ते पाहा. थंड इंजिन कसं सुरू होतं यात निम्मी गाडी कळते. सायलेन्सरच्या नळीच्या आत बोट फिरवा, अर्थात नळी गार असताना. फिल्टर शाबूत असेल तर बोटाला काजळी जवळजवळ लागत नाही. बोट काळंकुट्ट झालं तर फिल्टर फुटलेला किंवा काढलेला आहे. डिपस्टिकचा वास घ्या. ऑइल कधी-कधी बदललं त्याच्या पावत्या मागा. आणि गाडी प्रदूषणाच्या कोणत्या मानकाची आहे ते कागदपत्रांत बघा. 2018 मध्ये जर्मनीतल्या न्यायालयाने शहरांना जुन्या डिझेल गाड्या रोखायची मुभा दिली, 2019 पासून मध्य लंडनमध्ये युरो 6 या युरोपीय प्रदूषण मानकाच्या खालच्या डिझेल गाडीला रोजचं शुल्क भरावं लागतं. जुन्या डिझेलवर असे निर्बंध आणखीही शहरांत आले आहेत, आणि ज्या गाडीला शहरात अडवतात ती विकताना जड जाते.

आता तो पंखा. इंजिन बंद केल्यावर जोरात चालू राहिलेला पंखा आणि तापल्याचा वास, ही फिल्टर साफ करायचं काम चालू असताना गाडी बंद केल्याची खूण आहे. डिझेलचं तसंच असतं, असं नाही. एकदा झालं तर योगायोग, तुम्ही नेमक्या त्याच वेळी चालवत होतात इतकंच. पण सहकारीही तुमच्यासारखेच जवळच्या जवळ फिरत असतील, तर हे त्यांच्याकडे रोज होत असणार आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. ते तुम्हाला फसवतायत असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून नाही म्हणाल तेव्हा एवढं सांगा: या आठवड्यात गाडी मोकळ्या रस्त्यावर घेऊन जा, अर्धा-पाऊण तास न थांबता चालवा, गिअर एक खालचा ठेवा. परत आल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी रोजच्या कामाला काढू नका, आणि दुसऱ्या कुणाला विकूही नका.